तिसरी जागा

आडे सरांची आठवण निघाली की मला आधी त्यांचा डबा दिसतो आणि मग सर दिसतात. स्टीलचा, गोल, कडीचा डबा. झाकणावर त्यांच्या आईचं नाव ठोकून घेतलेलं. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तो डबा सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि सर जेवण घेऊन फिरतात असा सगळ्यांचा समज होता. डब्यात कंप्युटरच्या फ्लॉप्या असत. लोकांचा समज खोडून काढायच्या भानगडीत सर कधी पडले नाहीत. जेवणाचा डबा कुणी चोरत नाही, एवढंच म्हणायचे.

पूर्ण नाव मोतीराम आडे. साखऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. पुण्याला एका कंपनीत काही वर्षं प्रोग्रॅम लिहून ते परत आले. का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही, एवढंच गावाला ठाऊक. आमचा भाग अजून परभणी जिल्ह्यात मोडत होता तेव्हा त्यांनी मोंढ्यात बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, दुकानाशेजारी एक गाळा घेतला आणि अडत दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहायला बसले. शेतकऱ्याची हळद आली, काटा झाला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, याची पट्टी कंप्युटरनं काढायची. गावात कंप्युटर शिकवणारे दोघं-तिघं होते, पण प्रोग्रॅम लिहिणारे सर एकटेच. मला तेव्हा त्यांचं हे एकटं असणं मोठं मानाचं वाटायचं. आपल्या कामातली खुबी दाखवायला किंवा चुकलं तर हुज्जत घालायला अख्ख्या गावात एक माणूस नसणं म्हणजे काय, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

मी कळमनुरीची सून. टायपिंगची सर्टिफिकेटं पिशवीत घालून त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले, तर त्यांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या घरात पणजोबांपर्यंत लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर न्यायचा धंदा. त्याची त्यांना फार ओढ. मला समोर बसवून त्यांनी विचारलं,

"समजा, उद्या तांडा उठला. बैल एकच हाय. ह्या दुकानातलं काय चढवाल?"

मी कंप्युटर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो बाजारात मिळतो, म्हणाले. प्रिंटर म्हटलं, तोही मिळतो. मग मी जरा डोकं चालवून प्रोग्रॅम म्हटलं. प्रोग्रॅम आपण परत लिहू, तकलीफ होईल, पण लिहू, असं म्हणून त्यांनी टेबलावरची एक फ्लॉपी उचलून माझ्यासमोर धरली. 

"विकलेली हळद परत काट्यावर येत न्हाई, ताई," सर म्हणाले. "ती किती भरली होती, हे फक्त ह्याच्यात हाय. ते गेलं तर कुणाच्या बापाला परत आणता येत न्हाई."

मग बैलावर ते चढवायचं का, असं मी विचारलं. त्यावर ते हसले आणि उद्यापासून या म्हणाले. स्वतःचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. पुढे कितीतरी वेळा मी त्यांना त्यावरून छेडलं. दर वेळी एकच उत्तर यायचं, तांडा उठेल तेव्हा बघू.

कुठली वस्तू किती मोलाची, हा त्यांचा आवडता विषय होता आणि त्यावर मोंढ्यात त्यांचं कुणाशीच पटत नसे. शेठ लोकांनी हौसेनं कंप्युटर घेतले होते. त्यांच्यासाठी वेगळी काचेची खोली, मशीनवर मखमली कापड, आत जाताना चपला बाहेर. प्रोग्रॅम मात्र 'टाकून द्यायची' गोष्ट. मशीन एवढं महाग घेतलं, आता त्यात प्रोग्रॅम तेवढा टाकून द्या, असं म्हणायचे. सर त्यांना शांतपणे सांगायचे की मशीन म्हणजे कणगी, धान्य वेगळं. शेठ मान डोलवायचे आणि कणगीलाच हार घालायचे.

एका दसऱ्याला सरांना राहवलं नाही. एका मोठ्या अडत दुकानात पूजा चालली होती. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर अक्षता. सरांनी खिशातून फ्लॉपी काढून पाटावर ठेवली आणि पूजा करायची तर हिची करा, असं शेठना सांगितलं. शेठ भाविक माणूस. त्यांनी फ्लॉपी उचलली, तिचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीवर ठसठशीत हळदीकुंकू लावलं. वरून दोन थेंब पाणी. दुकानात सगळ्यांनी हात जोडले. मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनीही हात जोडले आणि परत येताना रस्त्यात उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या माणसाला एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. फ्लॉपी गेली ती गेलीच, पण सरांना फिकीर नव्हती, कारण तिच्या आणखी प्रती होत्या.

प्रतींचा त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवला. एक प्रत जिथं काम करतो तिथं. दुसरी जिथं झोपतो तिथं. आणि तिसरी जिथं कुणीतरी आपली वाट बघतं तिथं. मला हसू आलं. तिसरी जागा लांब हवी हे ठीक, आग लागली, पूर आला तर ती वाचेल, पण वाट बघायचा काय संबंध, असं मी विचारलं. तर म्हणाले, लांबच्या जागी प्रत ठेवायचं सगळे ठरवतात. पहिला महिना नेतात, दुसऱ्या महिन्यात कंटाळतात. वाट बघणारं माणूस असलं की कंटाळा करता येत नाही, पाय आपोआप निघतात.

त्यांची वाट तांड्यावर आई बघत असे. याडी. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात. दर रविवारी सर नव्या फ्लॉप्या डब्यात घालून साखऱ्याची गाडी धरत. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या एका पोरीला आमच्याकडे कामाला यायचं होतं, तिच्या घरी बोलायचं होतं. याडी दारातच उभी होती. हाताला कोपरापर्यंत बांगड्या आणि आरशांचा भरघोस घागरा. अक्षर ओळख नाही. तिनं लेकाच्या हातून डबा घेतला, ओढणीला हात पुसून एकेक फ्लॉपी काढली आणि लोखंडी पेटीत, लग्नातल्या घागऱ्याच्या घडीत ठेवली. मागच्या आठवड्याच्या फ्लॉप्या डब्यात परत घातल्या आणि उरलेल्या जागेत शेंगा भरल्या. डबा रिकामा पाठवायचा नाही, हा तिचाही नियमच होता. त्यामुळे सोमवारी आमच्या दुकानात कंप्युटरच्या फटीतून शेंगांची फोलपटं निघायची.

मग ती दोघं ओट्यावर बसली आणि सर तिला काहीतरी सांगू लागले. त्यांची बोली मला कळत नव्हती, पण मध्येच 'फाईल' असा शब्द ऐकू आला. सर आईला प्रोग्रॅम समजावून सांगत होते. ती मान हलवत होती, मध्येच काही विचारत होती, आणि सर हात हलवून हलवून बोलत होते. दुकानात दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस.

प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये टिपा लिहायची सोय असते. कंप्युटर त्या वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. अमुक ओळ अशी का लिहिली, हे तिथं लिहून ठेवायचं. सरांच्या मते प्रोग्रॅममधली खरी मोलाची गोष्ट तीच. काय केलं ते कुणालाही वाचून कळतं, काहून, म्हणजे का केलं, ते करणाऱ्याबरोबर जातं. त्यांची प्रत्येक टीप 'याडी' या शब्दानं सुरू होई आणि पुढे सगळी त्यांच्या बोलीत असे. मी एकदा विचारलं की हे मला कसं समजणार? ते ओशाळले. म्हणाले, "ज्याला काहीच माहीत न्हाई त्याला समजंल असं लिहावं लागतं. माझ्यासमोर दुसरं माणूसच येत न्हाई, ताई, काय करू?" मराठीतून लिहायचं ते रोज ठरवत आणि रोज विसरत. तेवढी एकच चूक मी त्यांच्या कामात पाहिली, आणि ती सुधारा असं सांगायचा मला धीर झाला नाही.

याडी गेली तेव्हा आमचा हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तेरावं आटोपून सर आले, गाळा उघडला, खुर्चीत बसले आणि डबा टेबलावर ठेवला. आत पेटीतून काढून आणलेल्या फ्लॉप्या होत्या. भाऊ-भावजय होते तांड्यावर, पण त्यांचं शेतीतच दिवसभर डोकं. पेटीत आता बी-बियाणं ठेवायचं होतं. सर त्यांना नावं ठेवत नव्हते. त्यांनी फ्लॉप्या पुसल्या आणि कपाटात लावल्या.

त्यानंतरच्या प्रोग्रॅममध्ये टिपा नाहीत. नुसत्या ओळी, एकीखाली एक. मी एकदा हळूच म्हटलं की सर, इथं काहून ते लिहायचं राहिलं. पडद्याकडे बघतच ते कुणाला सांगू, म्हणाले. मी तिथंच बसले होते. मला सांगा, असं म्हणायला हवं होतं की काय, कोण जाणे. काही माणसांच्या मोकळ्या जागेत आपण जाऊन बसू शकत नाही, एवढं मला कळत होतं.

भाड्याची खोली कशाला, म्हणून त्यांनी ती सोडली आणि गाळ्याच्या मागच्या बाजूलाच खाट टाकली. काम करायची आणि झोपायची जागा एकच झाली. तिसऱ्या प्रतीसाठी त्यांनी बँकेत लॉकर घेतला. आता फ्लॉप्या जाऊन सीडी आल्या होत्या, डबा तोच होता. पहिले काही शनिवार ते डबा घेऊन बँकेत गेले. पुढे एक शनिवार चुकला, मग दुसरा. मी आठवण केली की उद्या जातो म्हणायचे. हे तेच आडे सर, ज्यांनी ओढ्याला पूर असताना साखऱ्याची अर्धी वाट पायी काढली होती.

आणि ऐन हळदीच्या हंगामात शेजारच्या बारदान्याच्या दुकानाला आग लागली. भरदुपारी. माणसं बाहेर होती, जीव कुणाचा गेला नाही. आमच्या गाळ्यात आग आली ती मागच्या दारानं, आणि जे आगीतून वाचलं ते लोकांनी मारलेल्या पाण्यात गेलं. सर दुपारच्या चहाला गेले होते म्हणून डबा तेवढा त्यांच्या हातात होता. रिकामा.

लॉकरमधली सीडी निघाली ती मागच्या हंगामातली. दुकानांच्या मशीनमध्ये जागा कमी म्हणून झालेले हिशोब आम्ही दर आठवड्याला आमच्याकडे काढून आणत असू, त्यामुळे सगळ्या अडत दुकानांचं मधलं काम गेलं होतं. शेठ लोक बोलायचं ते बोलले. सरांनी कुणालाही उलट शब्द केला नाही. शेतकऱ्यांकडे पट्ट्यांचे कागद होते, ते गावोगाव जाऊन, पार डोंगरकडा गावापर्यंत फिरून गोळा करायचे आणि परत भरायचे, असं त्यांनी ठरवलं आणि तो सगळा उन्हाळा आम्ही तेच केलं. मी एकदा म्हटलं, नशिबाचा भाग आहे सर, आग काय सांगून येते? ते म्हणाले,

"आग आगीच्या जागी बराबर हाय. मला ठावं होतं, तरी मी गेलो न्हाई. लॉकरमदी कोणी वाट बघत न्हाई, ताई."

त्याच उन्हाळ्यात कळमनुरीच्या पट्ट्या गोळा करायला सर एका रविवारी आले आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना जेवायला घरी आणलं. माझ्या सासूबाई सत्तरीच्या, कानानं थोड्या कमी, बोलायला चोख. सरांना त्या पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणू लागल्या. जेवणं झाल्यावर सरांनी फार संकोचानं विचारलं, आमची एक वस्तू तुमच्याकडं ठेवली तर चालेल का? सासूबाईंनी ती काय, कशाची, काही विचारलं नाही. सीडी घेतली आणि आपल्या पितळी डब्यात ठेवली, जिथं त्या सोन्याची पोत आणि सासऱ्यांचा चष्मा ठेवत. मग तुमचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात चार पोळ्या आणि ठेचा घातला.

पुढच्या रविवारी सर नवी प्रत घेऊन आले. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, सवय म्हणून येतात. मग एका रविवारी गाडी वाटेत बंद पडली. दोन वाजले, तीन वाजले. आम्ही जेवून घेतलं. सासूबाई ताट वाढून दारात बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. शेवटी सर घामाघूम होऊन आले, तर ही बाई त्यांच्यावर तोंड टाकते,

"केव्हाची वाट बघून राहिले मी. पोळ्या वाळून गेल्या न, मास्तर. पुढच्या बारीला आदल्या गाडीनं येत जा."

सर डबा हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या म्हणून मी दोनदा म्हटलं तेव्हा त्यांना ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी डागडुजी केलेल्या गाळ्यात मी पाऊल ठेवताच ते मला म्हणाले, "ताई, तिसरी जागा मिळाली." मग मान खाली घालून कामाला लागले. महिनाभरानं त्यांनी लिहिलेलं एक नवं काम मी तपासायला घेतलं तर त्यात टिपा होत्या. सगळ्या मराठीत. पहिला शब्द 'माय'. सासूबाईंना ते माय म्हणायचे.

हे पाच-सहा वर्षं चाललं. मधल्या काळात जग पुढे गेलं. शहरातून तयार प्रोग्रॅम आले, रंगीत, चकचकीत, आणि शेठ लोकांची शिकलेली मुलं ते घेऊ लागली. अशाच एका कंपनीचा माणूस मोंढ्यातली दुकानं मिळवायला सरांकडे आला. चांगला होता, अदबीनं बोलत होता. सरांनी त्यालाही तांड्याचा प्रश्न विचारला. तो चटकन म्हणाला, गिऱ्हाईक. तुमच्या जागी बराबर हाय, सर म्हणाले, आणि सगळ्या दुकानांशी त्याची गाठ घालून दिली. प्रोग्रॅम तुमच्याजवळच राहू द्या, म्हणून तो माणूस गेला. वर्षभरात आमचा प्रोग्रॅम मोंढ्यात कुठेच चालत नव्हता. मला जवळच्या एका शाळेत नोकरी लागली. सरांनी गाळा सोडला आणि एका खोलीत जुना कंप्युटर मांडून बसू लागले. ते तिथं काय करत, कुणास ठाऊक. विचारलं तर साफसफाई चाललीय म्हणायचे.

पण रविवार चुकला नाही. ज्या प्रोग्रॅमला वापरणारं कुणी नव्हतं, त्याची नवी प्रत दर रविवारी आमच्या घरी येत असे. सासूबाई जुनी काढून नवी ठेवत. त्यात काय बदललं असेल, काहीसुद्धा नाही. मला ते बघवत नसे, आणि त्यांनी येणं थांबवावं असंही वाटत नसे.

सर गेले ते तांड्यावर, भावाकडे, हिवाळ्यात, झोपेतच. आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्याच्या आधीच्या रविवारी ते आले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते त्या दिवशीचे सर. नेहमीच्या गाडीनं आले. सासूबाईंनी हात पुढे केला. सरांनी कडी काढून डबा उघडला आणि आत बघतच राहिले. डबा रिकामा होता. एवढ्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. घरीच राहिली वाटतं, असं काहीतरी पुटपुटले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू आता आपल्याला दारातूनच परत पाठवतील.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "हात धुवा, तवा ठेवलाय."

जेवणं झाली. निघताना सासूबाईंनी डबा ताज्या पोळ्यांनी भरला. मला बाजारात जायचंच होतं, म्हणून मी स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. हिंगोलीची गाडी लागलेली होती. सर खिडकीशी बसले, डबा मांडीवर घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून मी नेहमीची थट्टा केली. म्हटलं, सर, आता तरी सांगा, तांडा उठला तर बैलावर काय चढवाल? त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली. सरांनी डब्याच्या झाकणावर, आईच्या नावावर, तळहात ठेवला आणि खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाले,

"गरम हाय अजून."